वांग्याचा काही दोष नव्हता

७ जानेवारी, मंगळवार

त्वचेच्या डॉक्टर क्रांती मॅडमनी सांगितलं, काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, अंगावर गांधी किती वाजता उठल्या आणि कुठं उठल्या, हे रोज लिहून आणा. म्हणून श्रुतीच्या अकरावीच्या केमिस्ट्रीच्या वहीतली उरलेली पानं घेतली. पोरगी आता बारावीला आहे, तिला ही वही लागत नाही.

हे सुरू झालं २२ डिसेंबरला. अंगावर लाल, जाड चट्टे उठतात, मुंगळे डसल्यासारखी आग होते आणि दोन-तीन तासांनी आपोआप बसतात. मागं काही राहत नाही. मी कागल पंचतारांकित एमआयडीसीमध्ये कास्टिंगच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. एकवीस वर्षं माल रिजेक्ट का झाला हे शोधायचंच काम केलं. तडा दिसला की वाळूपासून भट्टीपर्यंत एकेक गोष्ट तपासत मागं जायचं. हेही तसंच सापडणार.

आज: सकाळी पोहे, चहा. डब्यात भाकरी, भरलं वांगं, कांदा. पाच वाजता दोन जिलब्या. सहा वाजून दहा मिनिटांनी पोटावर आणि मांड्यांवर गांधी.

जिलबी का, तर बातमीच तशी होती. आक्का दर मंगळवारी-शुक्रवारी हातकणंगल्याहून रेल्वेनं डायलिसिसला येते. चार तास मशीनवर असते, मग आमच्या विचारे माळावरच्या घरी जरा पडते आणि दाजींबरोबर परत जाते. आज पहिली पाळी संपवून मी तिच्याकडं गेलो, तर डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट आले, तुमची किडनी बहिणीला जुळते. दाजींना साखरेचा आजार, त्यांची चालत नाही. आक्काला मूलबाळ नाही. राहिलो मी. मी जागच्या जागी हो म्हटलं. विचार करायचं कामच नव्हतं.

संशय: जिलबीतला रंग. किंवा वांगं.

८ जानेवारी

इडली, डाळ-भात, चपाती, मेथी. गांध नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

वांगं बंद केलं होतं. तरी संध्याकाळी हॉस्पिटलातून आक्काला घरी आणताना रिक्षातच मानेवर उठल्या. आजच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट होतं. शेंगदाणाच असणार.

बायकोला, प्रियदर्शनीला म्हटलं, उद्यापासून कूट बंद. ती म्हणाली, "अहो, शेंगदाणा बंद केल्यावर मी भाजी कशात करू? पाण्यात?"

आक्का पडल्या पडल्या हसली. "लहानपणी शेंगांचं पोतं एकटा फस्त करायचा गं ह्यो. तवा कुठं काय उठलं न्हाय."

तेव्हाचं शरीर वेगळं होतं म्हटलं.

१४ जानेवारी, मंगळवार

कंपनीत सगळ्यांनी तिळगूळ वाटला. अकरा वाजता चार वड्या खाल्ल्या. साडेअकराला पाठीवर, दंडावर, तळहातावरसुद्धा. तळहाताला खाज सुटली म्हणजे काय होतं ते ज्याला होतं त्यालाच कळतं. हातात मायक्रोमीटर धरवेना.

मधे सव्वाअकराला हॉस्पिटलातून फोन आला होता. शुक्रवारी माझ्या तपासण्या, उपाशीपोटी या म्हणाले.

तीळ बंद.

१७ जानेवारी, शुक्रवार

वाईट दिवस. रक्त दिलं, छातीची पट्टी काढली, पोटाचा फोटो काढला, सगळं ठीक. ब्लडप्रेशर मात्र १५८ वर ९८. सिस्टर म्हणाल्या, दहा मिनिटं बसा. बसलो. १६२. परत बसलो. १६०. जिना चढून आलो म्हणून झालं असेल, म्हणालो. त्यांनी लिफ्टकडं बघितलं. लिफ्टनंच आलो होतो मी.

प्रेशर असंच राहिलं तर तुमची किडनी घेता येणार नाही, असं तिथले प्रत्यारोपणाचं काम बघणारे उदयसिंह साहेब म्हणाले. हसतमुख माणूस आहे, पण हे त्यांनी न हसता सांगितलं.

घरी येताना मेडिकलवाल्याच्या मशीनवर बघितलं तर १२२ वर ८०. म्हणजे हॉस्पिटलचं मशीन बिघडलेलं असणार.

सगळं आक्काच्या समोर झालं. परतताना ती म्हणाली, "भूषा, तुला नगं वाटत असंल तर सांग की. मी राग मानायची न्हाय."

"नगं कशाला वाटंल? कायतरीच बोलतीस."

"भ्या वाटतंय का?"

"भ्यायचं काय त्यात? लोकं रोज देत्यात."

मला तिचा रागच आला जरा. आई गेली तेव्हा मी दुसरीत होतो आणि ही सोळा वर्षांची. दहावीचा फॉर्म भरला होता, परीक्षेला बसली नाही. आबा पहाटे साखर कारखान्यावर जायचे. माझी अंघोळ, डबा, शाळा, उवा, गोवर, सगळं हिनं बघितलं. माझी नोकरी लागेपर्यंत लग्नाला उभी राहिली नाही. आणि मी आता एक किडनी द्यायला भिणार? माझ्याकडं दोन आहेत.

पोट बिघडलंय. बाहेरचं काही खाल्लं नाही तरी.

१९ जानेवारी, रविवार

मटण नाही, अंडं नाही, वांगं, शेंगदाणा, तीळ, टोमॅटो, सुकट काही नाही. कपड्यांचा साबण बदलला. प्रियदर्शनीनं वैतागून मुगाची खिचडी टाकली आणि तीच सगळ्यांनी खाल्ली. श्रुती म्हणाली, "पप्पा, आजार तुम्हाला आणि पथ्य मला?"

जेवल्यावर तिनं ही वही मागून घेतली. वाचली. मग पट्टी घेऊन उजवीकडं उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, "त्या वेळी काय चाललं होतं?"

"हे कशाला?"

"असंच. तुम्ही कंपनीत नुसती वाळू बघता का? भट्टीचं तापमान पण बघता ना?"

मागच्या तारखांसमोर तिनंच पेन्सिलीनं भरलं. २२ डिसेंबरसमोर लिहिलं, "दोन दिवसांपूर्वी डॉक्टर म्हणाले, आत्याची किडनी बदलावी लागेल." पोरगी हुशार आहे, पण ह्याचा जेवणाशी काय संबंध?

२४ जानेवारी, शुक्रवार

चोवीस तास दंडाला बांधायचं प्रेशरचं यंत्र काल दिलं होतं. दर अर्ध्या तासाला आपोआप फुगतं. लाइनवर सगळ्यांची करमणूक झाली. फुगलं की एकजण ओरडायचा, "कुरणे साहेबांत हवा भराय लागली रे!"

आज निकाल. दिवसभर, झोपेत, सगळीकडं १२०-१२५. उदयसिंह साहेब खूश. म्हणजे हॉस्पिटलचं मशीन समोर आलं की तेवढ्यापुरतं प्रेशर वाढत होतं. फक्त दोन ठिकाणी चढलं आहे. काल साडेसहाला १५६, आणि आज साडेचारला १६४.

श्रुतीच्या रकान्यात लिहायचं तर: काल साडेसहाला प्रियदर्शनी संमतीच्या कागदावर सही करत होती. सही करताना तिनं पेन दोनदा खाली ठेवलं. आज साडेचारला मी आक्काच्या खाटेशेजारी बसलो होतो. नळीतून तिचं रक्त मशीनमध्ये जात होतं. ती डोळे मिटून होती, तोंड जरा उघडं. मी तिला हाक मारली. तिनं ओ दिली नाही. दुसऱ्यांदा मारली तेव्हा म्हणाली, "काय रं? झोपू दी की."

कारण: तिथला एसी बंद होता.

२८ जानेवारी, मंगळवार

सकाळी क्रांती मॅडमकडं गेलो. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली, डावीकडचा रकाना कमी आणि उजवीकडचा जास्त. मग चष्मा काढून म्हणाल्या, "भूषणराव, तुम्हाला भीती वाटते का?"

"कशाची मॅडम? छे."

"बरं. मग ऐका. जिवाला धोका आहे असं डोक्याला वाटलं की ते अंगाला इशारा देतं. खरा धोका आहे का ते शरीर तपासत बसत नाही. छातीचे ठोके वाढतात, प्रेशर चढतं, पोट सुटतं. कुणाचे केस जातात, कुणाला झोप येत नाही. तुमच्या कातडीतून ते बाहेर पडतंय. वांग्याचा काही दोष नाही."

मला हे काही पटलं नाही. भीती वाटत असती तर मला कळलं नसतं का? मी म्हणालो, मॅडम, मी भिणाऱ्यातला नाही. त्या हो म्हणाल्या आणि गोळी लिहून दिली. पायऱ्या उतरेपर्यंत मानेवर टरारून उठल्या होत्या.

तरी प्रयोग म्हणून प्रियदर्शनीला सांगितलं, भरली वांगी कर, कूट घालून, वर तीळ. तिनं काही न विचारता केली. दुपारी चार खाल्ली. काही उठलं नाही.

आक्का संध्याकाळी येऊन पडली होती. वही टेबलावरच राहिली होती.

१ फेब्रुवारी, शनिवार

कालचं आज लिहितोय.

काल शुक्रवार, आक्का डायलिसिसला आलीच नाही. हॉस्पिटलातून मला फोन आला. तिचा फोन बंद. दाजींचा लागला तर ते नुसतं म्हणाले, "तूच ये बाबा." कंपनीतून तसाच निघालो, वाटेत प्रियदर्शनीला मोटरसायकलवर घेतलं आणि हातकणंगलं गाठलं.

आक्का सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. पाय सुजून घागरीसारखे. दोन शब्द बोलली की दम लागत होता.

"मशीनवर का आली न्हाईस?"

"जेवलास का?"

"आक्का, मी काय इचारतोय?"

"तुझी वही वाचली मी." तिनं दम घेतला. "दवाखान्याचं नाव निघालं की तुझ्या अंगावर गांध उठतीया. माझ्या उशाला बसलास की उठतीया. तोंडानं व्हय म्हणालायस आनि कातडं न्हाय म्हणालंय. मी कातड्याचं ऐकणार."

"कातड्याला काय कळतंय? ते वांग्यानं..."

"वांग्याचं नाव काढू नगंस!" हे ती एवढ्या जोरात ओरडली की तिला खोकला आला. प्रियदर्शनी तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "घरात बायकू हाय, पोरगी बारावीला हाय. मला नगं तुझी किडनी. मी सोडवलं तुला, जा."

दाजी दारात उभे होते. म्हणाले, "सकाळपासनं हेच चाललंय. माझं काय ऐकंना."

मी आधी खूप आरडाओरडा केला. काय बोललो ते आता आठवत नाही. शेजारचे लोक बाहेर आले होते, एवढं आठवतं. आणि मग मधेच माझा आवाज फुटला.

"व्हय, भ्या वाटतंय मला! पण पोट फाडायचं न्हाय वाटत."

"मग कशाचं?"

"आई दवाखान्यात गेली तवा तू म्हणालीस, परवा यील. मी दारात बसायचो. रोज इचारायचो आनि रोज तू म्हणायचीस, यील. शाळेतल्या पोरांनी सांगितलं मला, तुझी आई कवाच मेली म्हणून." मी मान खाजवत होतो. "आता तुला एका खोलीत नेणार आनि मला दुसऱ्या. मी बेशुद्ध असणार. उठल्यावर मी इचारणार, आक्का कशी हाय. आनि सगळी म्हणणार, बरी हाय. ते खरं हाय का न्हाय, मला कसं कळणार?"

हे मी कधी कुणाला बोललो नव्हतो. प्रियदर्शनीलासुद्धा नाही. बोलेपर्यंत हे माझ्या पोटात आहे हे मलाच माहीत नव्हतं.

आक्का भिंतीपासून पुढं सरकली. मग म्हणाली, "सोळा वर्साची हुते मी. कसं सांगायचं कळलं न्हाय मला. आबांनीबी सांगितलं न्हाय, त्येंनी सगळं माझ्यावर टाकलं. रोज ठरवायचे, उद्या सांगू. तू दारात बसलेला दिसायचास आनि माझं तोंडच उघडायचं न्हाय." तिनं पदरानं नाक पुसलं. "चुकलं माझं, भूषा."

"तू कशाला चुकतीस?"

"चुकलं. आनि दुसरं म्हंजी, मलाबी भ्या वाटतंय. पहिल्या दिवसापासनं. माझ्यापायी तुला कायतरी झालं तर ते मढं घिऊन मी जगू कशी? म्हणून मशीन बंद केलं. सुटली भानगड म्हटलं."

माझ्या मानेपासून कमरेपर्यंत गांधी उठल्या होत्या. शर्ट अंगाला सहन होईना. तिनं बघितलं आणि प्रियदर्शनीला सांगितलं, फडताळात आमसुलं आहेत, कोमट पाण्यात कुस्करून आण. दाजी शेजाऱ्यांची गाडी मागायला गेले. तेवढ्यात आक्कानं मला पुढ्यात बसवून शर्ट काढायला लावला आणि आमसुलाचं पाणी पाठीला चोळलं. सेहेचाळीस वर्षांचा मी, उघडा, पाय पोटाशी घेऊन. तिला दम लागत होता तरी थांबत नव्हती. मीही तिला थांब म्हणालो नाही.

"आता काय बी असू दे, खरं सांगायचं," ती म्हणाली. "दोघांनीबी."

"व्हय."

"मग चल, आदी मला मशीनवर घाल. छाती भरून आलीया."

साडेपाचला हॉस्पिटलात पोचलो. सिस्टरांनी तिला आधी झापलं आणि मग लगेच खाटेवर घेतलं. मशीन संपेपर्यंत प्रियदर्शनी तिच्या पायाशी बसून होती. मी बाहेर बाकावर. माझी गांध तिथंच बसली. आमसुलानं बसली की गोळीनं, सांगता येत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

उदयसिंह साहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हे मला नापास करणार. ते म्हणाले, न भिणारा दाता आला की आम्हालाच काळजी वाटते. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं पाठवलं, तासभर बोललो. आणि एक ठरलं. मी शुद्धीवर आलो की आक्काचं जे काही असेल ते, चांगलं असो नाहीतर वाईट, प्रियदर्शनी मला सांगणार. दुसरं कुणी नाही. ती म्हणाली, "मला खोटं बोलता येत नाही हे तुम्हाला वीस वर्षं माहीत आहे." खरं आहे. माझ्या हातच्या चहाबद्दल तिनं एकदाही खोटं सांगितलेलं नाही.

श्रुतीचे पेपर संपल्यावर ऑपरेशन. २० मार्च, गुरुवार.

१८ फेब्रुवारी

प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीसमोर मुलाखत. कॅमेरा लावला होता. विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? मी म्हणालो, "न्हाय साहेब. भ्या वाटतंय, पण माझ्या खुशीनं देतोय." त्यातल्या एक बाई हसल्या आणि म्हणाल्या, हे असंच लिहू का? लिहा म्हटलं.

दुपारी दंडावर थोड्या उठल्या. दोन-चारच.

९ मार्च, रविवार

बरेच दिवस लिहिलं नाही. विशेष काही नव्हतं. श्रुतीचे पेपर चालू आहेत, आता तिचं पोट बिघडतं आणि ती म्हणते, काल रात्रीची पावभाजी बाधली. तिच्या खोलीत जाऊन नुसता बसलो. थोड्या वेळानं तिनंच पुस्तक बाजूला ठेवलं आणि फिजिक्स अवघड गेलं म्हणून रडली.

१९ मार्च, बुधवार

हॉस्पिटलात दाखल. मी एका मजल्यावर, आक्का वरच्या. संध्याकाळी तिला खाली यायची परवानगी मिळाली. आम्ही दोघं हॉस्पिटलच्या निळ्या झग्यात, खाटेवर शेजारी शेजारी.

"किती उठल्यात?" तिनं विचारलं.

बाही वर करून दाखवल्या. कोपरापर्यंत.

"माझं काळीज बघ कसं उडतंय," ती म्हणाली आणि माझा हात धरून आपल्या मनगटावर ठेवला. खरंच, मोजता येत नव्हतं.

आम्ही तसेच बसलो. श्रुती फोटो काढत होती, तिला ओरडलो. आक्का म्हणाली, काढू दे, ह्या झग्यात माझा भाऊ बरा दिसतोय.

२४ मार्च, सोमवार

आज पेन धरवतंय. खोकलं की कुशीत कळ येते, हसलं की जास्त. म्हणून श्रुतीला खोलीत येऊ देत नाहीत.

गुरुवारी शुद्धीवर आलो ते आठवतं. सगळं पांढरं, घसा कोरडा. कुणीतरी म्हणालं, झालं, छान झालं. मी त्यांच्याकडं बघितलंच नाही. प्रियदर्शनी दिसेपर्यंत थांबलो. तिचे डोळे सुजलेले होते. ती वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "आक्का आत आहेत, ऑपरेशन झालं. किडनी टेबलावरच चालू झाली, लघवी आली. पण रक्त जरा जास्त गेलं म्हणून एक बाटली चढवली. पुढचे तीन दिवस लक्ष ठेवावं लागेल. एवढंच मला माहीत आहे." ते "पण" ऐकलं आणि मला पुन्हा झोप लागली. गाढ.

तीन दिवस झाले. आज सकाळी डॉक्टर म्हणाले, आक्काचं रक्त, लघवी, सगळं मार्गावर आहे. मला वरच्या मजल्यावर जायला मिळालं. तोंडाला मास्क लावून, प्रियदर्शनीच्या खांद्यावर हात ठेवून, मुंगीच्या पावलानं. आत जाऊ देत नाहीत, काचेतूनच बघायचं.

आक्का खाटेवर टेकून बसली होती. पाय उघडे होते. बारीक, हाडं दिसणारे, माझ्या लहानपणी बघितलेले तिचे पाय. सिस्टर पाण्याचा जग घेऊन आल्या. डायलिसिसच्या तीन वर्षांत तिला दिवसाला मोजून दीड पेला पाणी होतं. उन्हाळ्यात ती बर्फाचा खडा जिभेवर ठेवायची आणि आमच्याकडं पाठ करायची, आम्हाला ते बघवत नाही हे तिला माहीत होतं. आता डॉक्टरांनी रोज तीन लिटर प्यायला सांगितलंय.

सिस्टरांनी पेला भरला. आक्कानं तो दोन्ही हातांत धरला, आत बघितलं, मग मला बघितलं. मास्क खाली ओढला आणि सावकाश, एका दमात, सगळा प्यायली. घसा वरखाली होताना दिसत होता. काच असल्यामुळं आवाज आला नाही, पण ओठांवरून कळलं. सिस्टरांना ती म्हणाली, "आणखी."

त्यांनी दुसरा भरला.